काय वाचलालाव? अर्ध्या पुस्तकावर बोलायची बैठक कशी लावावी

२०२२च्या एप्रिलमध्ये उदगीरला ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा आमच्या गावातून दोन जीपा भरून माणसं गेली होती. ऊन असं की मांडवाच्या कडेला नुसतं उभं राहिलं तरी चटका बसावा. पण पुस्तकांच्या गाळ्यांपुढची गर्दी काही हटत नव्हती. येताना प्रत्येकाच्या मांडीवर पुस्तकांची पिशवी होती. दिवाळीत मी त्यातल्या पाच-सहा जणांना सहज विचारलं, "वाचलं का हो ते आणलेलं?" सगळ्यांचं उत्तर एकच, "चालूय. पूर्ण झालं की सांगतो." पूर्ण कुणाचंच झालं नाही आणि सांगणंही राहून गेलं. माझं स्वतःचंही तेच. मी मास्तर, त्यामुळं माझी लाज थोडी जास्त.

खोड कुठं आहे ते तेव्हा लक्षात आलं. पुस्तक संपल्याशिवाय त्यावर बोलायचा आपल्याला हक्क नाही, असं आपण धरून चालतो. मग पुस्तक संपत नाही, आणि संपलं तर तोवर मधल्या पानांवर मनात जे जे आलं होतं ते विरून गेलेलं असतं. उरतं ते "चांगलं आहे, वाचा." म्हणून आम्ही उलटं केलं. सध्या जे हातात आहे, जितकं वाचून झालंय, तितक्यावरच बोलायचं. आमच्या लातूर-उदगीर-निलंगा पट्ट्यात ओळखीचा माणूस भेटला की "काय करलालाव?", म्हणजे काय करताय, असं विचारतात. तोच धागा धरून बैठकीचं नाव पडलं "काय वाचलालाव?" दोन वर्षांहून जास्त झाली, चालू आहे. तुमच्या गावात अशी बैठक लावायची असेल तर आम्ही काय केलं आणि कुठं आपटलो, ते सगळं खाली लिहिलंय.

आधी नमुना ठरवा : सत्कार नको, पोथी हवी

आपल्याकडं पुस्तकाचा कार्यक्रम म्हटला की टेबलावर चादर, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांची पाऊण तासाची भाषणं आणि शेवटी आभार. पुस्तकाला त्यात दहा मिनिटं. ऐकणारे मोबाईल बघतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

त्यापेक्षा जुनी आणि चांगली रीत गावात आधीपासून आहे. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते ना, ती. माझ्या लहानपणी 'पांडवप्रताप' किंवा 'हरिविजय' असायचा. एक जण ओव्या वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, आणि खाली बसलेली मंडळी मधेच तोंड घालायची. रोज एखादा अध्याय. पोथी संपेपर्यंत गप्प बसा, असं कुणी कुणाला म्हणालं नाही. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला की त्या रात्री बायका हळहळत घरी जायच्या, पुढचं सगळं ठाऊक असून. रुक्मिणी स्वयंवराच्या अध्यायाला तर अक्षता पडायच्या. ऐकता ऐकता, मधल्या अध्यायावर, अक्षर न येणारी माणसंसुद्धा मत द्यायची, भांडायची, आणि दुसऱ्या दिवशी परत यायची. बैठक लावताना हा नमुना डोळ्यापुढं ठेवा. पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात.

माणसं किती, कोण, आणि कधी

सात ते बारा. दहा जण धरले आणि प्रत्येकाला सहा मिनिटं दिली तर तास होतो. मधल्या बोलण्याला पाऊण तास आणि चहाला पंधरा मिनिटं. दोन तासांच्या पुढं गेलं की लोक पुढच्या वेळी येत नाहीत. बाराच्या वर माणसं झाली तर दोन बैठका करा, पण सतरंजी वाढवू नका.

माणसं निवडताना मास्तर तिघांपेक्षा जास्त नकोत. हे मी मास्तर असून सांगतोय. आम्हाला गप्प बसता येत नाही आणि समोरचा चुकला की आमची मान आपोआप हलते. आमच्या बैठकीत एक एसटीचे वाहक आहेत, एक शिवणकाम करणाऱ्या ताई, एक मेडिकलवाला, बारावीत शिकणाऱ्या दोन मुली, एक निवृत्त तलाठी आप्पा, आणि एक आजी, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही म्हणून नात वाचून दाखवते. "मला वाचून दाखवलंय" हेही वाचनच धरायचं.

वेळेचं गणित गावाप्रमाणं बदलतं, पण ते नीट मांडल्याशिवाय पहिली तारीख जाहीर करू नका. आमच्याकडं रविवारी बाजार असतो, म्हणून रविवार बाद. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. पाण्याच्या दिवशी बैठक ठेवली तर एकही बाई येणार नाही, आणि येऊही नये. (लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. इथं पाण्याच्या पुढं पुस्तक जात नाही.) बायकांना दुपारी तीन ते पाच जमतं, संध्याकाळ मुळीच जमत नाही. पहिले तीन महिने आम्ही सात वाजता भेटत होतो, आणि "बायका का येत नाहीत" यावर आम्ही पुरुषच चर्चा करत होतो. शेवटी शिवणकामवाल्या ताईंनी एका वाक्यात सांगितलं, "सातला भाकरी कोण थापणार?" वेळ बदलली. पुढच्या महिन्यात पाच बायका होत्या.

जूनमध्ये पेरणीच्या दिवसांत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला सुट्टी ठेवा. जबरदस्तीनं भरवलेल्या बैठकीत तीन माणसं येतात आणि तिघंही आभाळाकडं बघत बसतात.

जागा कुठलीही चालेल, फक्त व्यासपीठ असलेली नको. आम्ही शाळेची एक खोली घेतो आणि बाक भिंतीला लावून खाली गोल बसतो. गोल का, तर शेवटची रांगच राहत नाही.

पुस्तक मिळवायचं कसं

"पुस्तकं महाग" ही तक्रार खरी आहे. तीनशे-चारशे रुपये म्हणजे मजुराचा दिवस. पण वाचनालय वापरायची सवयही आपली गेली, हेही तितकंच खरं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा. आपल्या भागात त्याच्याही आधी हैदराबाद राज्याचा १९५५चा कायदा होता. म्हणजे वाचनालय ही मराठवाड्याला नंतर कुणी आणून दिलेली गोष्ट नाही. शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. खेड्यातलं बहुतेक वाचनालय 'ड' वर्गातलं : दोन-चार कपाटं, वर्तमानपत्रं आणि एक टेबल.

अशा ठिकाणी पुस्तक काढायची युक्ती सांगतो. काचेच्या कपाटाबाहेर उभं राहून पुस्तकं शोधू नका. समोरच्या रांगेत वर्षानुवर्षं तीच दिसतात. दाखल नोंदवही मागा. प्रत्येक आलेलं पुस्तक त्यात क्रमांकानं चढवलेलं असतं. ती चाळली की कपाटाच्या मागच्या रांगेत काय दडलंय ते कळतं. एका वाचनालयात मला चार हेलपाटे पडले. कधी किल्ली दुसऱ्याकडं, कधी तो दुसरा लग्नाला. पाचव्यांदा मी सकाळी वर्तमानपत्र यायच्या वेळी गेलो, कारण त्या वेळी दार उघडंच असतं. तेव्हापासून तीच वेळ.

सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचा हट्ट धरू नका. शहरात दहा प्रती मिळत असतील, आमच्याकडं एक मिळायची मारामार. प्रत्येकाच्या हातात वेगळं पुस्तक असलं की बैठक संपताना अदलाबदल होते. ज्यानं अर्ध्यावर थांबून उत्सुकता लावली त्याच्या मागं तीन जण लागतात.

पीडीएफचं तेवढं एक. कुणीतरी अख्खी कादंबरी ग्रुपवर टाकतं आणि आपण पुण्य केलं असं समजतं. लेखक बहुतेक आपल्यासारखाच पगारदार किंवा शेतकरी असतो, त्याच्या प्रती हजार खपायला वर्षं जातात. आम्ही एका पानाचा फोटो चालवतो, पुस्तक नाही.

वाचताना पट्टी ठेवा

ही पायरी लोक टाळतात आणि मग बैठकीत येऊन "काय बरं होतं ते" करत बसतात. वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिल चालवायची नाही, म्हणून आम्ही लग्नपत्रिकेच्या पट्ट्या कापतो. उन्हाळ्यात घरात गठ्ठा जमतोच. कागद जाड, एक बाजू बहुतेक कोरी. पट्टी पुस्तकात खूण म्हणूनही राहते आणि तिच्यावर लिहिताही येतं.

तीनच खुणा ठेवा. जिथं परत वाचावंसं वाटलं तिथं पान क्रमांकापुढं टिंब, जिथं कळलं नाही किंवा पटलं नाही तिथं प्रश्नचिन्ह, आणि जिथं पुस्तक खाली ठेवलं तिथं फुली. प्रत्येकापुढं चार-पाच शब्द, जास्त नको. माझी एक पट्टी इथं उतरवतो, वरच्या अंगाला अजून गणपतीचं अर्धं चित्र आहे :

"पा. ३१ • विहीर. दोनदा वाचलं. आमची कच्ची, ही बांधीव.
पा. ४७ ? हा बायकोशी बोलत का नाही?
पा. ५२ • 'बोलत नाही' याचं कारण नाही, पण ताट सरकवणं.
पा. ५८ × झोप."

इतकंच. पण या चार ओळींवर मी बैठकीत सहा मिनिटं बोललो. विहिरीपाशी तलाठी आप्पांनी जुन्या सातबारावर विहिरींची नोंद कशी असायची ते सांगितलं. ताट सरकवण्यापाशी बायका एकमेकींकडं बघून हसल्या, आणि का हसल्या ते आम्हाला सांगितलं नाही. अठ्ठावन्नाव्या पानावरची झोप लेखकाची की माझी, यावर मतभेद झाला. मी त्या दिवशी निवडणुकीच्या ड्युटीवरून आलो होतो, म्हणून लेखक सुटला.

फुलीकडं दुर्लक्ष करू नका. पुस्तक खाली कुठं ठेवलं हे फार प्रामाणिक मत असतं.

बोलायचं काय आणि कोणी आधी

आमचा एक नियम नव्या माणसांना विचित्र वाटतो : ज्याची पानं सगळ्यांत कमी झाली तो आधी बोलणार. पूर्वी उलटं होतं. ज्यांचं पुस्तक संपलं होतं ते आधी बोलायचे, आणि त्यांचं ऐकून बारा पानं वाचलेली मुलगी "माझं काही विशेष नाही" म्हणून गप्प बसायची. आता तीच पहिली बोलते. बारा पानांत काय दिसलं ते सांगते, आणि ज्यांनी तीनशे पानं वाचली त्यांना आठवतं की आपल्यालाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

नवख्या माणसाला चार गोष्टी विचारा, म्हणजे त्याला भाषण पाठ करून यावं लागत नाही. कितव्या पानावर आहात? आतापर्यंत काय झालं, दोन वाक्यांत? कुठं थांबलात? पुढं काय होईल असं वाटतं? तिसरा प्रश्न खरा, बाकीचे त्याच्याकडं नेणारे. चौथ्याचा उपयोग पुढच्या महिन्यात होतो, अंदाज चुकला की बोलायला आयता विषय.

पहिल्या बैठकीत आमच्याकडं काय झालं ते ऐका. एका गृहस्थांनी उभं राहून (बसा म्हटलं तरी उभंच) सांगितलं, "लेखकाची शैली ओघवती आहे, भाषा प्रवाही आहे, ग्रामीण जीवनाचं विदारक चित्रण केलं आहे, पुस्तक प्रत्येकाच्या संग्रही असावं." कुणाला काही कळलं नाही, पण सगळ्यांनी मान हलवली. त्यानंतर वाहक दादा बोलले. ते म्हणाले, "मी अठ्ठ्याऐंशी पानावर आहे. ह्यात एक कंडक्टर दाखवलाय. तो तिकिटांच्या ट्रेमधून तिकीट काढतो आन् पंच मारतो. बरं, जुना काळ म्हणावं, तर पुढच्याच पानाला पोरगं मोबाईलवर व्हिडिओ बघलालंय. आमच्या हातात मशीन येऊन कितीतरी वर्षं झाली. मग हा माणूस एसटीत शेवटचा कधी बसला?" खोलीत हशा पिकला. पण नंतर वीस मिनिटं चर्चा झाली ती त्याच्यावरच. लेखकानं लहानपणीचं गाव आठवून लिहिलं आणि त्यात आजची वस्तू चिकटवली, असं बऱ्याच ग्रामीण लिखाणात होतं का? मेडिकलवाल्यानं मग त्याच्या पुस्तकातल्या दवाखान्याचं सांगितलं. तिथंही डॉक्टर नाडी बघून रोग सांगत होता.

यातून आम्हाला दोन रिती मिळाल्या. पहिली, माणसानं आपल्या कामाच्या डोळ्यानं पुस्तक बघावं. शिंप्यानं कपड्याकडं, शेतकऱ्यानं पेरणीच्या तारखेकडं. दुसरी म्हणजे डबा. 'ओघवती', 'वाचनीय', 'विदारक', 'अप्रतिम', 'संग्रही असावं' आणि 'विचार करायला लावणारं' हे शब्द वापरले की डब्यात पाच रुपये. शब्द वाईट नाहीत, पण ते आले की माणूस विचार करायचा थांबतो. डबा सुरू झाला त्या बैठकीत एकशे पंधरा रुपये जमले, त्यातले चाळीस माझे. चहा-भज्याचा खर्च निघाला. आता पाच-दहा रुपयांच्या वर जात नाही, आणि चहाला वर्गणी काढावी लागते.

पटलं नाही तर

मतभेद हवाच, नाहीतर घरी बसलेलं बरं. फक्त समोरच्याला अडवायचा एकच प्रश्न ठेवा : "कोणत्या पानावर?" "लेखक बायकांना कमी लेखतो" असं कुणी म्हणालं की लगेच "छे, छे" नाही. कोणत्या पानावर? पान उघडायचं, परिच्छेद मोठ्यानं वाचायचा, मग भांडायचं. निम्मी भांडणं पान उघडताना संपतात, कारण आठवणीत होतं ते पानावर नसतं. उरलेली निम्मी भांडणं पान वाचल्यावर जास्त रंगतात.

एक प्रसंग मात्र प्रश्नानं सुटला नव्हता. एका दलित आत्मकथनावर बोलताना एक जण म्हणाले, "चांगलंय, पण जरा वाढवून लिहिलंय. इतकं असतं का कुठं?" खोलीत एक गृहस्थ होते, तोवर फार न बोलणारे. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, ते पान काढलं आणि वाचू लागले. शाळेत पाणी प्यायला ओंजळ धरायची, वरून कुणीतरी ओतायचं, असा तो मजकूर. वाचून झाल्यावर म्हणाले, "आमच्यात ओतणारासुद्धा कधी कधी यायचा न्हाई. घरी जाईस्तोर तसंच." इतकं बोलून पुस्तक परत ठेवलं. "वाढवून लिहिलंय" म्हणणाऱ्यांनी माफी मागितली नाही, पण ते पुस्तक घरी नेलं आणि पुढच्या महिन्यात त्याच पुस्तकावर बोलले, शेवटच्या पानापर्यंत. तेव्हापासून आमची रीत अशी की आत्मकथनाबद्दल "खरं की खोटं" हा निवाडा करायचा नाही. "मला हे माहीत नव्हतं" असं म्हणायचं, कारण बहुतेक वेळा तेच खरं असतं. ज्या मराठवाड्यात १९५०मध्ये डॉ. आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय काढलं आणि त्यातून लिहिणाऱ्यांची पिढी उभी राहिली, तिथं तरी हे शिकायला आम्हाला इतका उशीर व्हायला नको होता.

पुढचं फोडायचं नाही, हे सांगायला नको. ज्यांचं पुस्तक वाचून झालंय त्यांनी तोंडावर बोट. खून कुणी केला हे एकदा आप्पांनी चहा ओतता ओतता सांगून टाकलं. त्यांना पुढचे दोन महिने फक्त कवितासंग्रह दिले.

बोली मोठ्यानं वाचा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि मंडळी त्यावरून मला चिडवतात.

आमच्या बारावीच्या मुली सुरुवातीला 'शुद्ध' बोलायचा प्रयत्न करायच्या. "मी वाचत आहे", "मला भावलं". घरी "वाचलालीय" म्हणणाऱ्या मुली बैठकीत आल्या की पाठ्यपुस्तक व्हायच्या. मग एकदा रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' बैठकीत आली. बोराडे लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. कादंबरी १९७१ची. खेड्यातल्या शिंप्याचं घर उद्ध्वस्त होतं, आणि ते सगळं त्याची बायको स्वतःच्या तोंडानं, गावच्या बोलीत सांगते. आमच्या शिवणकामवाल्या ताईंनी ती हातात घेतली, चार पानं मनात वाचली आणि म्हणाल्या, "हे मनात वाचायचं न्हाई, म्हनायचं हाय." आणि त्या म्हणू लागल्या. त्यांना कुठं थांबायचं, कुठं सूर ओढायचा हे कुणी शिकवलं नव्हतं. अंध आजी मधेच "हां, असंच की" म्हणत होत्या. दोन्ही मुलींची तोंडं बघण्यासारखी झाली होती. आपण घरी बोलतो ते छापलेलं असू शकतं, आणि पन्नास वर्षांपूर्वीच छापलेलं आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत मी सांगायला हवं होतं.

म्हणून बोलीतलं पुस्तक कुणाच्या हातात असेल तर त्यानं मतासोबत एक पान मोठ्यानं वाचायचंच. आणि बोलीबद्दल मत देताना "ही भाषा अशुद्ध" असं नाही, "ही आमच्याकडची नाही" असं म्हणावं. बीड-परभणीकडचं 'मह्या' आणि आमचं 'माझ्या' यावर आमच्यात अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासात पुस्तक जितकं वाचलं जातं तितकं घरी कुणी वाचत नाही. लेखकाची बोली ज्या गावची, त्या गावात कुणाची सोयरीक असेल तर त्याला विचारा. आमच्या बैठकीत एक शब्द अडला होता, तो एका सुनेनं माहेरी फोन लावून सोडवला. स्पीकरवर तिची आई होती, शेवटी ती "तुम्ही सगळे एवढे बसून हे करता?" असं म्हणाली.

सोडचिठ्ठी

पुस्तक अर्ध्यात सोडायची मुभा द्या, उघडपणे द्या. ज्याला सोडायची लाज वाटते तो दुसरं घेतही नाही, आणि महिना-महिना त्याच पानावर बसून राहतो. आमच्याकडं वहीच्या मागच्या बाजूला सोडचिठ्ठ्यांचं पान आहे. पुस्तकाचं नाव, कितव्या पानावर सोडलं, आणि कारण एका ओळीत. "पा. ४६. माणसं फार, नावं सारखी." "पा. ११०. मुलीचं लग्न ठरलं, आता वेळ नाही." "पा. ९. अक्षर बारीक."

शेवटच्या कारणाकडं बघा. डोळ्यांना त्रास होतो म्हणून पुस्तक सुटतं, आणि माणूस म्हणतो "वाचनाची आवड नाही." आमच्यातल्या दोघांना त्या नोंदीवरूनच चष्मा लागला.

कवितेला सोडचिठ्ठी नाही. एक कविता वाचली तरी पुस्तक चालू धरायचं. कवितेचं पुस्तक वाचणाऱ्यानं मत देण्याआधी ती कविता दोनदा म्हणायची, एकदा लोकांच्या कानात पडायला आणि एकदा कळायला. बाकी कवितेवर बोलायची पद्धत आम्हाला अजून नीट सापडलेली नाही. बहुतेक वेळा कविता झाली की दोन मिनिटं कुणी बोलत नाही आणि मग कुणीतरी चहाचं विचारतं.

वही

दोनशे पानी साधी वही पुरते. रकाने पाच : तारीख, नाव, पुस्तक, पान, आणि एक ओळ. ओळ बोलणाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहायची, मास्तरनं सुधारायची नाही. महिन्याभरानं तोच माणूस त्याच पुस्तकावर परत बोलतो तेव्हा आधीची ओळ वाचून दाखवायची. एका मुलीची मार्चमधली ओळ : "पा. ४०. नायक भारी आहे." एप्रिलमधली : "पा. १७५. नायक भारी नाही, नुसता मोठ्यानं बोलतो." तिनं दोन्ही ओळी स्वतः मोठ्यानं वाचल्या आणि स्वतःच हसली. पुस्तक संपल्यावर बोलली असती तर पहिली ओळ तिला आठवलीही नसती.

व्हॉट्सॲप ग्रुप लागतोच, पण त्यावर दोनच गोष्टी : पुढची तारीख आणि पानांचे फोटो. ज्यांना लिहायला संकोच वाटतो त्यांना बोलून पाठवू द्या. सुप्रभातवाल्यांना एकदा समजावून सांगा, दुसऱ्यांदा डब्याची भीती घाला.

कुणीच वाचलं नसेल तेव्हा

असं होतं. परीक्षा, लग्नसराई, आजारपण. तरी बैठक रद्द करू नका, एकदा रद्द झाली की दुसऱ्यांदा रद्द करणं सोपं जातं. कुणाच्याही पिशवीतलं एक पुस्तक घ्या, दहा पानं आळीपाळीनं मोठ्यानं वाचा, आणि तेवढ्यावर बोला. पोथीसारखं. आमच्या काही चांगल्या बैठका अशाच झाल्या.

वर्षातून एक बैठक शेतात घ्या. आमच्याकडं येळवस असते, मार्गशीर्षातल्या अमावस्येला. अख्खं गाव रानात जातं, कडब्याची कोपी, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे आणि मडक्यातली आंबील. जेवणं झाली की माणूस तसाही आडवा होतो, तेव्हाच पुस्तकं काढायची. सोबत काय न्यायचं : सतरंजी, वही, पट्ट्या, आणि ज्याच्या त्याच्या हातातलं पुस्तक, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण आंबील सांडतेच. गेल्या येळवशीला आप्पांनी सोडचिठ्ठ्यांच्या पानावरचं एक पुस्तक आणलं होतं, तेच, 'माणसं फार, नावं सारखी' म्हणून सेहेचाळिसाव्या पानावर सुटलेलं. त्यांनी पट्टीवर सगळ्या माणसांची वंशावळ काढली होती, सातबाराच्या फेरफारासारखी, कोण कुणाचा वारस ते बाणांनी दाखवून. पट्टी पुस्तकातच ठेवली. ते पुस्तक आता माझ्याकडं आहे, मी पान ६३वर आहे.